नगरचा स्पाइक आणि त्याची चक्रम मंडळी

१९५२ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. लंडनमध्ये राहणारा चौतीस वर्षांचा एक गृहस्थ बटाटे सोलायची सुरी घेऊन घराबाहेर पडला आणि शेजारच्या घरावर चालून गेला. तिथं त्याचा जिवलग मित्र राहायचा. त्याला आज ठार मारायचंच, असं या गृहस्थाच्या डोक्यानं घेतलं होतं. सुदैवानं रक्तपात झाला नाही. सुरीवाल्याला कसंबसं आवरण्यात आलं, झोपेचं औषध देण्यात आलं आणि मनोरुग्णांच्या इस्पितळात त्याची रवानगी झाली. घरी तरुण बायको होती आणि त्याच वर्षी जन्मलेली तान्ही मुलगी.

ज्याच्यावर सुरी उगारली गेली तो मित्र म्हणजे पीटर सेलर्स. पुढे 'पिंक पँथर' चित्रपटांतला धांदरट इन्स्पेक्टर क्लूझो म्हणून जगभर गाजलेला नट. आणि सुरीवाला? त्याचं नाव स्पाइक मिलिगन. त्या दिवसांत बीबीसीच्या रेडिओवर अर्ध्या तासाचा एक विनोदी कार्यक्रम चालू होता आणि महायुद्धानं पिचलेला, रेशनवर जगणारा ब्रिटन तो ऐकून पोट धरून हसत होता. कार्यक्रमाचं नाव 'द गून शो'. सेलर्स त्यातला बिनीचा नट आणि मिलिगन लेखक. लाखो लोकांना हसवण्यासाठी दर आठवड्याला कागद काळे करणारा हा माणूस स्वतः मात्र त्या कागदांपायी वेडाच्या काठावर जाऊन पोचला होता.

मराठी वाचकाला या माणसाबद्दल कुतूहल वाटावं असं आणखी एक कारण आहे. स्पाइक मिलिगन जन्मला आपल्या अहमदनगरात. आज त्या शहराला अहिल्यानगर म्हणतात. चांदबिबीचं नगर, ज्या किल्ल्यात नेहरूंनी तुरुंगवासात 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं ते नगर. इथल्या लष्करी छावणीत १६ एप्रिल १९१८ रोजी लिओ मिलिगन नावाच्या आयरिश तोफखानेवाल्याच्या घरी मुलगा झाला. नाव ठेवलं टेरेन्स अॅलन. 'स्पाइक' हे पुढे तरुणपणी त्यानं स्वतःच घेतलेलं नाव.

बापाला सैनिकी नोकरीइतकाच नाटक-गाण्याचा नाद. छावणीतल्या करमणुकीच्या कार्यक्रमांत लिओ आणि त्याची बायको फ्लॉरेन्स हौसेनं भाग घ्यायची. मुलाचं बालपण गेलं पुण्याच्या कॅम्पात. शाळा कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी. घरात आया, रस्त्यावर टांगे, कवायतीचे बिगुल आणि दुपारची शांतता. कानावर इंग्रजी पडायची तशी नोकरचाकरांची हिंदुस्थानीही पडायची. पुढे बापाची बदली ब्रह्मदेशात झाली, तेव्हा रंगूनला काही वर्षं गेली. मग लष्करातली नोकरी संपली आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला हे कुटुंब बोटीनं 'मायदेशी' निघालं. मुलानं तो मायदेश आधी धड पाहिलाही नव्हता. पुण्याच्या उन्हातून उचलून लंडनच्या धुक्यात आणि तेही आग्नेय लंडनच्या साध्यासुध्या वस्तीत आणून टाकलेलं हे पोर तिथं कधी नीट रुजलंच नाही. आयुष्याच्या अखेरपर्यंत तो हिंदुस्थानातल्या दिवसांबद्दल हळवेपणानं बोलायचा. राजवटीतल्या इंग्रज माणसांच्या आठवणी बीबीसीनं १९७४ साली 'प्लेन टेल्स फ्रॉम द राज' या मालिकेसाठी जमवल्या, त्यात मिलिगनचाही आवाज आहे.

तरुणपणी त्यानं कारकुनी केली, ट्रम्पेट वाजवलं, जॅझच्या नादी लागला. तेवढ्यात महायुद्ध आलं. बापाप्रमाणे तोही तोफखान्यात गेला. उत्तर आफ्रिकेत असताना एक प्रसंग घडला आणि विनोदाच्या इतिहासात त्याला अगदी पुराणकथेचं स्थान मिळालं. एक भली मोठी तोफ नीट रोवली गेली नव्हती. गोळा सुटला तशी ती मागं उसळली आणि कड्यावरून खाली गेली. खाली एका गाडीत काही शिपाई बसले होते, त्यांच्या शेजारून ती गडगडत गेली. थोड्या वेळानं गाडीच्या कनातीतून एक डोकं आत आलं आणि विचारू लागलं, इथं कुणाला एखादी तोफ दिसली का? आतल्या एका गुबगुबीत शिपायानं उलट विचारलं, कुठल्या रंगाची? डोकं मिलिगनचं होतं आणि शिपाई होता वेल्समधला हॅरी सीकम. दोघांनीही हा किस्सा आयुष्यभर तिखटमीठ लावून सांगितला, त्यामुळे त्यात मीठ किती आणि तोफ किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं!

पण युद्ध म्हणजे किस्सेच नव्हेत. जानेवारी १९४४ मध्ये इटलीत माँटे कॅसिनोच्या लढाईत तोफेचा गोळा जवळ फुटून मिलिगन जखमी झाला. पायाची जखम भरली. मनाची भरली नाही. तोफांचे आवाज कानावर पडले की तो थरथर कापायचा, रडायचा, बोलताना अडखळायचा. वरिष्ठांनी त्यावर इलाज काय करावा? त्याची पदावनती केली. मानसिक धक्का हाही जखमेचाच प्रकार असतो, हे त्या काळच्या फौजी साहेबांच्या गावीही नव्हतं. आघाडीवरून काढून त्याला सैनिकांच्या करमणूक पथकात धाडण्यात आलं आणि तिथून त्याची गाडी रंगमंचाकडे वळली.

युद्ध संपल्यावर लंडनमध्ये अशा फौजेतून सुटलेल्या, खिशानं फाटक्या आणि अंगी नाना कळा असलेल्या तरुणांची कमतरता नव्हती. वेस्टमिन्स्टर भागात जिमी ग्राफ्टन नावाच्या माणसाचं मद्यगृह होतं. हा ग्राफ्टन दिवसा पेले भरायचा आणि फावल्या वेळात रेडिओसाठी विनोदी मजकूर लिहायचा. त्याच्या गुत्त्यात चौघांची टोळी जमू लागली. मिलिगन आणि सीकम हे दोघे. तिसरा मायकेल बेंटाइन, पेरू देशातल्या बापाचा, ईटनसारख्या बड्या शाळेत शिकलेला आणि विमानदलात काम केलेला. चौथा पीटर सेलर्स. सेलर्सही युद्धकाळात विमानदलाच्या नाटक-तमाशाच्या पथकाबरोबर हिंदुस्थानात हिंडून गेला होता. आवाजांची नक्कल करण्यात हा गडी इतका तयार, की बीबीसीत काम मिळत नव्हतं तेव्हा त्यानं एका निर्मात्याला थेट फोन लावला आणि एका बड्या रेडिओ कलाकाराच्या आवाजात पीटर सेलर्स नावाच्या नव्या पोराची तोंडभरून शिफारस केली. शेवटी खरं काय ते कबूल केलं. निर्माता भडकला, पण काम दिलं!

मिलिगनला राहायला जागा नव्हती, तर काही काळ तो त्याच मद्यगृहाच्या माळ्यावर राहिला. रात्री दारं बंद झाल्यावर ही मंडळी एकमेकांना हसवत बसायची. त्या हसण्यातूनच कार्यक्रमाची कल्पना निघाली. स्वतःला ते 'गून' म्हणवून घ्यायचे. पॉपाय द सेलरच्या चित्रकथांमध्ये या नावाची अजस्र, बावळट माणसं असायची, तिथून हा शब्द आला. बीबीसीच्या साहेबांना मात्र हे नाव काही पचेना. पहिला भाग २८ मे १९५१ रोजी वाजला तो 'क्रेझी पीपल' या नावानं. 'द गून शो' हे नाव मिळायला पुढचं वर्ष उजाडावं लागलं. एका अधिकाऱ्यानं म्हणे 'हा गो-ऑन शो काय प्रकार आहे' अशी चौकशी केली होती.

प्रकार खरोखरच कुणाच्या आवाक्यातला नव्हता. रेडिओवरचं विनोदी नाटक मराठी माणसाला परकं नाही. मुंबई आकाशवाणीवर 'पुन्हा प्रपंच' लागलं की टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत घरात येऊन बसायचे. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी या तिघांच्या आवाजांवर एक अख्खं मध्यमवर्गीय घर उभं राहायचं आणि ते आपल्याच चाळीतलं वाटायचं. बीबीसीवरही तोपर्यंतचा विनोद असाच घरगुती किंवा मग विनोदवीरांच्या सवालजवाबांचा. मिलिगनच्या घराला मात्र भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं आणि निसर्गाचे नियमही लागू नव्हते.

नमुना पाहा. नेडी सीगून नावाच्या भोळ्या नायकाला कुणी तरी पाच पौंड देऊ करतं. काम काय, तर एक पियानो या खोलीतून त्या खोलीत हलवायचा. नेडी आनंदानं सही ठोकतो. मग कळतं की पियानो आहे पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात, नेपोलियनचा, आणि 'ती' खोली आहे इंग्लंडात! शेवटी पियानोच समुद्रात लोटून त्यावर बसून खाडी ओलांडायची वेळ येते. दुसऱ्या एका भागात डार्टमूरचा दगडी तुरुंग कैद्यांसकट समुद्रपर्यटनाला फ्रान्सकडे निघतो. मागं कुणाला संशय येऊ नये म्हणून पुठ्ठ्याचा तुरुंग उभा करून ठेवलेला! आणखी एका भागात युद्धकाळातल्या काळोखात समुद्रकाठच्या एका गावी म्हाताऱ्याकोताऱ्यांवर कुणी अज्ञात इसम शिजवलेल्या पुडिंगचे गोळे फेकतो आणि त्याचा माग काढत सारी फौज आफ्रिकेपर्यंत जाते.

सिनेमात हे दाखवायचं तर निर्मात्याचं दिवाळं वाजेल. रेडिओवर तुरुंगाला तरंगवायला काय लागतं? लाटांचा आवाज आणि कप्तानाची एक आरोळी. उरलेला तुरुंग ऐकणारा आपल्या डोक्यात बांधतो. श्राव्य नाटकाची ही ताकद मिलिगनइतकी कुणी त्याआधी वापरली नव्हती. त्यापूर्वी ध्वनिपरिणाम म्हटलं की दारावरची टकटक आणि खडीवरची पावलं, एवढ्यावर भागायचं. मिलिगननं ध्वनिविभागाच्या माणसांना अक्षरशः पिळून काढलं. एकदा त्याला हवा होता पायमोज्यात भरलेलं कस्टर्ड आपटल्याचा आवाज. बीबीसीच्या उपाहारगृहातल्या बायकांना त्यानं गोडीगुलाबीनं कस्टर्ड करायला लावलं. त्यांना वाटलं, बिचाऱ्याला खायची इच्छा झाली असेल. पठ्ठ्यानं पायातला मोजा काढला, त्यात कस्टर्ड ओतलं आणि ध्वनिक्षेपकाशेजारी दाणदिशी आपटलं. आवाज काही मनासारखा आला नाही तो नाहीच!

१९५८ साली बीबीसीनं नवनव्या इलेक्ट्रॉनिक आवाजांसाठी 'रेडिओफोनिक वर्कशॉप' काढलं. विज्ञानकथांच्या गूढ आवाजांसाठी पुढे ही प्रयोगशाळा नामांकित झाली. तिच्या सुरुवातीच्या कामगिरींत एक होती मेजर ब्लडनॉकच्या पोटातली गुडगुड.

हा ब्लडनॉक म्हणजे हिंदुस्थानी फौजेतला निवृत्त साहेब. छातीवर पदकं, तोंडात बढाया, पैशाचा हावरट आणि लढाईचं नाव काढलं की पलंगाखाली. मसालेदार रश्श्यानं पोटाची कायमची वाट लागलेली. पुण्याच्या आणि नगरच्या छावणीत लहान टेरेन्सनं असे किती मेजर पाहिले असतील! वरून कडक इस्त्री, आतून फुसका बार. सेलर्सनं त्याला असा आवाज दिला की जुने साहेब लोकही कान टवकारून ऐकायचे. लालकाका आणि बॅनर्जी ही दोन हिंदी पात्रंही मालिकेत यायची आणि सेलर्स-मिलिगन ती रंगवायचे. आज ती ऐकताना जरा अवघडल्यासारखं होतं, हे सांगायलाच हवं. हिंदी माणसाचं इंग्रजी हाच तिथं विनोद असतो. सेलर्सनं पुढे 'द पार्टी' या १९६८ सालच्या चित्रपटात तोंडाला रंग फासून जो हृंडी बक्षी उभा केला, त्याचं मूळ याच उचापतीत आहे.

बाकीच्या पात्रांना मात्र तोड नाही. एक्ल्स हा मिलिगनचा लाडका बावळट. कुणी वेळ विचारली तर तो खिशातून कागद काढतो. एका भल्या माणसानं त्यावर आठ वाजल्याचं लिहून दिलेलं असतं, आता घड्याळाची गरजच काय! ब्लूबॉटल हा अर्ध्या चड्डीतला बालवीर. तो संवादांबरोबर कंसातल्या सूचनाही मोठ्यानं वाचून टाकतो. दर भागात त्याच्या हातात सुरुंग येतो, तो उडतो आणि मेल्यावर रागारागानं तक्रार करतो. पुढच्या आठवड्याला पुन्हा हजर! हेन्री क्रन आणि मिनी बॅनिस्टर हे म्हातारं जोडपं. दार वाजलं तर ते कोण उघडणार, यावर त्यांचा वाद संपेपर्यंत दाराबाहेरचा माणूस थकून जातो. ही सारी पात्रं मिळून तीन माणसं करायची. बेंटाइन दुसऱ्या हंगामानंतर बाहेर पडला होता. मग उरले सीकम, सेलर्स आणि मिलिगन. शिवाय निवेदक वॉलेस ग्रीनस्लेड, तोही आपलं भारदस्त बीबीसी वळण सांभाळून या गोंधळात सामील.

ध्वनिमुद्रण बहुतेक रविवारी, प्रेक्षकांसमोर. मधे मॅक्स गेल्ड्रेचा माउथ ऑर्गन आणि रे एलिंग्टनच्या चमूचं गाणं. त्या अवधीत कलावंत मंडळी बाजूला जाऊन दूध प्यायची. बीबीसीत दारूला मज्जाव होता, म्हणून दुधात ब्रँडी!

रविवारचा हा दंगा ऐकणाऱ्याला वाटावं, काय मजेत दिवस जात असतील यांचे. सीकम आणि सेलर्सचे जातही होते. ते रविवारी यायचे, कागद हातात घ्यायचे, खोखो हसत वाचायचे आणि घरी जायचे. सोमवारी सकाळी पुन्हा कोरा कागद समोर यायचा तो एकट्या मिलिगनच्या.

एका हंगामात पंचवीस-तीस भाग. म्हणजे जवळजवळ सहा महिने, दर आठवड्याला अर्धा तास पुरेल एवढा नवा वेडेपणा, आणि तोही मागच्यापेक्षा वरचढ. सर्कशीतल्या विदूषकाला तीच उडी रोज नव्या गावात मारता येते. रेडिओवर एकदा मारलेली उडी संपली. मिलिगन पहाटेपर्यंत लिहायचा, फाडायचा, पुन्हा लिहायचा. घरात तान्हं मूल रडतंय, बायको एकटी पडली आहे आणि नवरा खोलीचं दार लावून बसला आहे, हे चित्र लेखकांच्या घरांत नवं नाही. पण इथं लिहिणारा माणूस आधीच जखमी होता. माँटे कॅसिनोच्या तोफा थांबून आठ वर्षं झाली होती, त्याच्या कानात त्या अजून चालूच होत्या. 'गून शो'त उठता-बसता स्फोट होतात, माणसं उडतात आणि पुन्हा उठून उभी राहतात, याकडे केवळ गंमत म्हणून पाहता येत नाही. ज्यानं उडालेली माणसं पुन्हा उठताना पाहिली नव्हती, त्यानं ती उठवलेली आहेत.

डिसेंबर १९५२ मध्ये जे झालं ते याच ताणातून. मिलिगन इस्पितळात होता, पण कार्यक्रम थांबला नाही. लॅरी स्टीफन्स हा त्याचा सहलेखक आणि जिमी ग्राफ्टन यांनी गाडा ओढला. बरं वाटू लागताच मिलिगन पुन्हा लिहायला बसला. सेलर्सनंही सुरीचा प्रसंग मनात ठेवला नाही, दोघांची मैत्री टिकली. पुढच्या काळात एरिक साइक्स हा दुसरा विनोदी लेखक मदतीला आला. या दोघांनी लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात एका भाजीवाल्याच्या दुकानावर कचेरी थाटली. खाली कोबी-बटाटे, वर विनोद. पण दोन विनोदी लेखक एका टेबलाशी बसले म्हणजे घरात दोन सासवा! एका शब्दावरून जुंपली आणि मिलिगननं कागदावर ठेवायचा जड ठोकळा साइक्सच्या दिशेनं भिरकावला. नेम चुकला आणि ठोकळा खिडकीतून बाहेर गेला, असं सांगतात. त्यानंतर दोघांनी शहाणपणानं आळीपाळीनं भाग लिहायचं ठरवलं. लॅरी स्टीफन्स १९५९च्या जानेवारीत अचानक वारला.

२८ जानेवारी १९६० रोजी 'गून शो'चा शेवटचा भाग वाजला. दहा हंगाम झाले होते, दोनशेच्या वर भाग. त्याच वर्षी मिलिगनचा घटस्फोट झाला. या लिखाणापायी आपली तब्येत गेली आणि पहिला संसारही गेला, हे त्यानं पुढे उघडपणे सांगितलं. त्याला द्विध्रुवी विकार होता. कधी दिवस-दिवस झोप नको इतका उत्साह, कधी महिनोन् महिने अंधाऱ्या खोलीत पडून राहणं. आयुष्यात तो अनेकदा इस्पितळात गेला. मनाचा आजार म्हणजे घराण्याला लागलेला बट्टा, असं जिकडेतिकडे मानलं जाण्याच्या काळात त्यानं तो लपवला नाही, हे विशेष. १९९३ साली मनोविकारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्याबरोबर त्यानं नैराश्यावर एक पुस्तकच लिहिलं, त्यात एकानं डॉक्टरच्या बाजूनं सांगितलं, दुसऱ्यानं रोग्याच्या.

तिघांपैकी सेलर्स हॉलिवूडला गेला, दौलत कमावली, लग्नावर लग्नं केली आणि १९८० साली हृदयविकारानं गेला. सीकमला देवानं भारदस्त गाता गळा दिला होता. तो गायक आणि दूरदर्शनवरचा लोकप्रिय माणूस झाला, 'सर' झाला, २००१ साली वारला. १९७२ साली बीबीसीच्या पन्नाशीला तिघांनी एकच भाग पुन्हा केला, तेव्हा राजघराण्यातली मंडळीही ऐकायला येऊन बसली होती. युवराज चार्ल्स, म्हणजे आजचे राजे, हे तर पात्रांचे आवाज काढून दाखवण्याइतके भक्त. बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन याच्यावर जॉन लेनन आणि मंडळी पहिल्याच भेटीत फिदा झाली. कारण? त्यानं सेलर्स आणि मिलिगनच्या तबकड्या काढल्या होत्या!

रेडिओचं हे घराणं पुढे वाढलं. ८ मार्च १९७८ रोजी बीबीसीवर डग्लस अॅडम्सचं 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' सुरू झालं. पृथ्वीच्या वाटेत अवकाशातला हमरस्ता येतो म्हणून ती पाडून टाकतात, अशी त्याची सुरुवात. इथंही दुखणं तेच. अॅडम्सची लेखणी वेळेवर चालेना, शेवटचे दोन भाग लिहायला जॉन लॉइड या मित्राला हाताशी घ्यावं लागलं आणि दुसऱ्या मालिकेच्या वेळी तर नट आत बोलत आणि लेखक बाहेर पुढची पानं लिहीत, अशी तारांबळ उडाली.

आता रेडिओची जागा पॉडकास्टनं घेतली आहे. पुण्याहून चाकणच्या, चेन्नईहून इरुंगाट्टुकोट्टैच्या मोटार कारखान्यांकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये पाहावं तर निम्म्या माणसांच्या कानांत बोंडं. अमेरिकेतल्या शिकागोत २०१५ साली 'हॅलो फ्रॉम द मॅजिक टॅव्हर्न' नावाचं विनोदी, अद्भुतरम्य पॉडकास्ट निघालं. अर्नी नावाचा एक साधा माणूस बर्गरच्या दुकानामागच्या भगदाडातून फून नावाच्या जादूच्या देशात पडतो. तिथल्या खानावळीत बसून तो एका बढाईखोर जादूगाराच्या आणि बिज्जूचं रूप घेतलेल्या एका बहुरूप्याच्या साथीनं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मुलाखती घेतो. भगदाडातून दुकानाचं वायफाय थोडंसं झिरपतं, त्यावर कार्यक्रम आपल्याकडे पोचतो! अर्नी नीकँप, मॅट यंग आणि एडल रिफाई हे यातलं त्रिकूट. त्यांनी मिलिगनचं दुखणं मुळातूनच काढून टाकलं आहे. संहिता लिहायचीच नाही. समोर ध्वनिक्षेपक ठेवायचा आणि सुचेल ते बोलायचं. एकाचं अडलं तर दुसरा धावतो. कोरा कागद कुणाच्याच समोर येत नाही. मिलिगनच्या ओळींतला टोकदारपणा अशा गप्पांत येईलच असं नाही, हेही खरं. पण घरी जाऊन सगळ्यांना झोप लागते.

मिलिगन मात्र लिहितच राहिला. लहान मुलांसाठी कविता, युद्धाच्या आठवणींचे सात खंड, कादंबऱ्या. विनोदी माणसाच्या वाट्याला यावा तसा विनोद सरकारनंही त्याच्याशी केला. १९६२ साली ब्रिटननं परदेशातून येणाऱ्यांसाठी कायदा कडक केला. हिंदुस्थानात जन्मलेल्या आणि आयरिश बापाच्या या माणसाचं नागरिकत्व त्यात अडकलं. ब्रिटिश सैन्यातून लढला, जखमी झाला, सारा देश त्यानं हसवला, तरी राजनिष्ठेची शपथ घे म्हणाले. स्वारी बिघडली. शपथ घ्यायला साफ नकार दिला आणि आयर्लंडचा पासपोर्ट काढला. त्यामुळे २००१ साली मिळालेला 'नाइट' किताबही त्याला परकीयांना देतात तसा, मानद मिळाला. नगरचं जन्मगाव, पुण्याचं बालपण, लंडनची भाकरी आणि आयर्लंडचा शिक्का.

२७ फेब्रुवारी २००२ रोजी, वयाच्या ८३व्या वर्षी ससेक्समधल्या राहत्या घरी स्पाइक मिलिगन गेला. जवळच्याच विंचेल्सी गावच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं. थडग्यावर काय कोरायचं ते तो कितीतरी वर्षं सांगत आला होता: मी आजारी आहे, हे मी तुम्हाला सांगितलं होतं! चर्चच्या अधिकाऱ्यांना पवित्र जागी ही इंग्रजी थट्टा रुचेना. घरच्यांनी ते वाक्य आयरिश भाषेत लिहून दिलं आणि अधिकाऱ्यांनी त्याला परवानगी दिली.